गोळीच्या नावावर

डॉक्टरबाईंनी तो प्रश्न अगदी सहज विचारला होता. समोरच्या कागदावर आमच्या मुलीचं वय, वजन, झोप, भूक, शाळा असं एकेक लिहून घेत होत्या आणि मान वर न करताच म्हणाल्या, "घरात कोणाला डोळे मिचकावायची, मान उडवायची, घसा खाकरायची सवय? लहानपणी असेल, नंतर गेली असेल, तरी सांगा. दोन्हीकडचं सांगा."

माझ्या नवऱ्यानं त्याच्या आईकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं न्हाई बा असलं काई." मग तो माझ्याकडं वळला. मी म्हटलं, "नाही."

आणि पर्समधली बाटली काढून दोन घोट पाणी प्याले. घशाशी ते आलं होतं. पाणी प्यालं की ते थोडा वेळ दाबता येतं, हे मला फार लहानपणापासून माहीत होतं.

आम्ही तेव्हा नांदेडला विष्णुपुरीकडं, धरणाजवळ राहत होतो. नवरा पाटबंधारे खात्यात इंजिनियर. मी एका कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. सासूबाई भोकरच्या, सासरे गेल्यापासून आमच्याकडंच असायच्या. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. तिची वही अर्धी, डबा अर्धा, सांगत असलेली गोष्टही अर्धीच. वर्षभरात किती पाण्याच्या बाटल्या हरवल्या त्याची गणतीच नव्हती. तोंडी गणित वर्गात सगळ्यांच्या आधी सांगायची, पण तेच वहीत उतरवायला सांगितलं तर दुसऱ्या ओळीवर पेन्सिल थांबायची आणि ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. डायरीत लाल शाईचे शेरे रोजचे झाले होते. सासूबाई म्हणायच्या, "लेकरू हाय, खेळतंय. ह्यो बी असाच होता." पण शाळेनं तिला वर्गाबाहेर व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली, तेव्हा नवरा हट्टाला पेटला. त्यानंच माहिती काढली आणि त्यानंच नंबर लावला.

डॉक्टरबाई जुन्या नांदेडातल्या. केस पांढरे, डोक्यावरून ओढणी, बोलणं मऊ. तीन वेळा बोलावून त्यांनी मुलीला नीट पाहिलं, शाळेतल्या बाईंशी फोनवर बोलल्या आणि मग सांगितलं की ही अतिचंचलता आहे, एडीएचडी म्हणतात तिला. मुलगी हट्टी नाही, आळशी नाही, तिला थांबता येत नाही. सकाळी नाश्ता झाल्यावर एक छोटी गोळी लिहून दिली. "भूक थोडी कमी होईल, झोपेवर लक्ष ठेवा. काही नवीन दिसलं तर मला विचारा. मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, वाढवायची पण नाही."

तिसऱ्या आठवड्यात तिनं पहिल्यांदा पान भरून निबंध लिहिला. टिटवीवर. धरणाच्या काठाला टिटव्या असायच्या, त्या कशा ओरडून माणसाला भलतीकडं नेतात, अंडी दुसरीकडंच असतात, असं सगळं सविस्तर. नवऱ्यानं ते पान फ्रिजवर चिकटवलं. येईल त्याला दाखवायचा.

चौथ्या महिन्यात एका सकाळी ती दूध पीत होती आणि दोन्ही डोळे घट्ट मिटून तिनं उघडले. परत मिटले. परत. पहिल्यांदा मीच पाहिलं. काही दिवसांनी नाक मुरडायला लागली. मग उजवा खांदा कानाकडं उडायला लागला आणि त्याच्याबरोबर घशातून एक बारीक 'हुं'. मी तेव्हा गॅसपाशी उभी होते. माझ्या हातातला उलथणा तसाच राहिला. ते दुसऱ्या कोणाला कळलं नसतं, पण मला ओळखायला एक क्षणही लागला नाही. ते माझंच होतं.

*

मी लातूरची. वडील टपाल खात्यात, आई सरकारी दवाखान्यात नर्स. चौथीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात माझी मान उडायला लागली. हनुवटी वर, उजवीकडं, झटकन. मानेच्या आत काहीतरी खाजल्यासारखं व्हायचं, आणि झटका दिला की तेवढ्यापुरतं मोकळं वाटायचं. आईला आधी वाटलं फ्रॉकची कॉलर टोचते. तिनं सगळ्या कॉलरी कापून काढल्या. मग वाटलं चष्मा लागला. मग वाटलं मी मुद्दाम करते. ती ओरडायची, मी थांबवायची, आणि थांबवलेलं सगळं पाच मिनिटांनी एकदम बाहेर यायचं. शेवटी तिनं दवाखान्यातून चिकटपट्टी आणली आणि माझ्या कानाखालून खांद्यापर्यंत ताणून लावली. मान उडली की कातडी ओढली जायची. "म्हंजी ध्यानात राहील," ती म्हणायची. शाळेत मी सांगायची, गळू झालंय. रात्री पट्टी काढताना मानेवरचे बारीक केस तिच्याबरोबर निघायचे.

त्याच वर्षी गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे भूकंप झाला. आमच्या घराच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीला एक चीर गेली, बाकी काही नाही. पण किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. आई कितीतरी दिवस ड्युटीवरच होती. घरी आली तरी कोणाशी बोलायची नाही, नुसती हात धूत राहायची. आम्ही सगळे गल्लीसमोरच्या मैदानात राहायचो. सतरंज्या, स्टोव्ह, ट्रंका, सगळं तिथंच. माझी मान त्या दिवसांत फार उडायची.

शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलं, "पोरगी भेली का काय वो?"

आई माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. भूकंपापासनं."

मी तिथंच बसले होते. मला पक्कं ठाऊक होतं की हे उन्हाळ्यापासून आहे. आईला तर ठाऊक होतंच. पण त्या दिवसापासून चिकटपट्टी बंद झाली. शाळेतल्या बाई मला पुढं बसवायला लागल्या, पाठीवर हात फिरवायला लागल्या. आमच्या वर्गात एक नवीन मुलगी आली होती. तिची आई आणि धाकटा भाऊ ढिगाऱ्याखाली गेले होते, ती मामाकडं राहायला आली होती. बाईंनी आम्हा दोघींना एका बाकावर बसवलं आणि वर्गाला सांगितलं, "दोघींना सांभाळून घ्या." ती मुलगी मला डब्यातला पेरू अर्धा द्यायची. तिचं काहीच उडायचं नाही. ती नुसती शांत बसायची. जे तिचं होतं त्यातला वाटा मी कितीतरी महिने घेत राहिले, आणि मला तो आवडतही होता.

वय वाढलं तसं ते कमी झालं. उरलेलं, म्हणजे मान आणि घशातलं बारीक 'हुं', लपवायला मी शिकले. ओढणी सारखी करायची, केस मागं घ्यायचे, शिंक आल्यासारखं करायचं. लग्न ठरताना सासूबाईंनी माझ्या आईला विचारलं होतं की तुमच्यात कोणाला काही दुखणं-बिखणं? आई म्हणाली, "पोरगी ठणठणीत हाय." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. शिकवायला लागल्यावर तर सोपंच झालं. फळ्याकडं तोंड केलं की मुलांकडं पाठ, आणि घशाचं विचारलं कोणी तर खडूची धूळ.

*

आमच्या घरात सगळा दोष गोळीवर गेला. "चांगल्या लेकराला गोळ्या घालून घालून येडं करून राहिलेत," सासूबाई म्हणायच्या. नवरा मोबाईलवर वाचत बसायचा. त्याला कुठंतरी सापडलं की अशा गोळ्यांनी असं होऊ शकतं. डॉक्टरबाईंना फोन केला तेव्हा त्या म्हणाल्या, "याला टिक म्हणतात. अशा मुलांना हे पुष्कळदा आपोआपच येतं, गोळी असो नसो. डोस थोडा कमी करू, दोन महिने बघू. घाबरायचं नाही, एकदम बंद करायची नाही."

पण त्याच आठवड्यात आम्ही नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलाच्या बारशाला गेलो. पंगतीत मुलगी नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसली होती. तिचा खांदा उडत होता आणि समोरच्या ओळीतल्या बायका जेवायचं सोडून बघत होत्या. एक पोरगं तिची नक्कल करायला लागलं. नवरा ताटावरून उठला. घरी आल्यावर त्यानं गोळ्यांची पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि खुर्चीत बसून राहिला.

"मीच खाऊ घातलं तिला हे," तो म्हणाला. "आई नको म्हणत होती. तू पण फार काही म्हणत नव्हतीस. मलाच घाई झाली होती."

मी खाली बसून मेथी निवडत होते. देठ वेगळे, पानं वेगळी. तेव्हा बोलता आलं असतं. चार शब्द लागले असते. मला लग्न ठरतानाचा तो चहाचा ट्रे आठवला, सासूबाई शेजारच्या खोलीत जाग्या होत्या हे आठवलं, आणि मी म्हटलं, "जाऊ द्या. होईल बरं."

दिवाळीच्या सुट्टीत तिचे डोळे, खांदा, सगळंच कमी झालं. नवऱ्याचा चेहरा उजळला. "बघ, गोळी बंद केली आणि गेलं," तो सगळ्यांना सांगायचा. मला माहीत होतं की हे येतं, जातं, परत येतं. माझंही सुट्टीत कमी व्हायचं. संक्रांतीच्या सुमाराला ते दुपटीनं परत आलं. आणि इथं मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं.

गोळी नसतानाही ते आलंय, हे नवऱ्याच्या लक्षात यायच्या आत ते थांबावं असं मला वाटत होतं. म्हणून मी तिच्या मागं लागले. "खांदा." "डोळे." "आवाज बंद." दिवसभर. एका दुपारी मी तिला कपाटाच्या आरशासमोर उभी केली आणि म्हटलं, "बघ. लोकांना तू अशी दिसतेस."

ती बघत राहिली. खांदा उडला. तिनं तो हातानं दाबून धरला, तोंड लाल झालं, आणि सोडल्यावर तीनदा उडला.

"दाबलं की आत साठतं, मम्मी," ती म्हणाली.

हेच मी माझ्या आईला सांगायला पाहिजे होतं आणि मला शब्द सापडले नव्हते. आठ वर्षांच्या लेकराला ते सापडले होते. आरशातून ती माझ्याकडं बराच वेळ बघत होती. मी आरशासमोरून बाजूला झाले आणि म्हटलं, "जा, हात-पाय धू."

शाळेत तर सगळंच विस्कटलं. गोळी नाही म्हटल्यावर वह्या परत अर्ध्या, शेरे परत लाल. एक दिवस मधल्या सुट्टीत ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत आली आणि मधेच उडी मारली. उजव्या हाताचं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना ती रडली नाही. "आता लिहावं लागणार न्हाई ना?" एवढंच विचारलं.

नातीला बघायला माझी आई लातूरहून आली. दारात उभं राहूनच तिनं मुलीचा खांदा उडताना पाहिला आणि तिची नजर माझ्याकडं आली. स्वयंपाकघरात मी दबक्या आवाजात म्हटलं, "आई, इथं काही बोलू नको."

"मी कशाला बोलू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं बोलले का?"

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. जाताना तिनं नातीच्या मानेवरून हात फिरवला, दोन-तीनदा. मला ते बघवलं नाही.

*

मग नवरा एक दिवस म्हणाला, "गोळी सोडून तीन महिने होऊन गेले. हे जात का न्हाई?" आम्ही परत डॉक्टरबाईंकडं गेलो. सासूबाईही आल्या, त्यांना बाईंना चार शब्द सुनावायचे होते, आणि त्यांनी ते सुनावलेही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"गोळी बंद, तरी टिक चालू," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मग गोळीनंच झालं असं कसं म्हणायचं?"

"गोळीनं कायमचंच काही बिघडवलं असेल तर?" त्याचा आवाज चिरकला. "मीच आणलं होतं तिला तुमच्याकडं. हिची काही इच्छा नव्हती, आईची नव्हती. मी..."

त्यानं रुमाल काढून डोळ्यांना लावला. मुलगी डाव्या हातानं टेबलावरचा काचेचा पेपरवेट फिरवत बसली होती. तिचं आमच्याकडं लक्ष आहे असं कोणालाच वाटलं नसतं. ती तशीच, पेपरवेट फिरवत म्हणाली,

"पप्पा, गोळीनं न्हाई होत ते. मम्मी कुठं गोळी खाते? तिला पण होतं की."

मग बाईंनी पेन खाली ठेवलं. "मम्मीला कधी होतं, बेटा?"

"क्लासमध्ये. फळ्याकडं तोंड केलं की मान अशी करते. शनिवारी मी मागच्या बाकावर बसते ना, तिथून दिसतं. भांडी घासताना पण करते." मग तिच्या लक्षात आलं असावं की आपण काहीतरी फोडलं. ती माझ्याकडं वळली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "मी सांगणार नव्हते, मम्मी. पण पप्पा रडायले."

जी मुलगी एका जागी दोन मिनिटं टिकत नाही म्हणून आम्ही डॉक्टरांकडं चकरा मारल्या, तिनं माझं गुपित कितीतरी महिने सांभाळलं होतं.

मी सांगितलं. उन्हाळा, कॉलरी, चिकटपट्टी, मैदानातल्या सतरंज्या, 'भूकंपापासनं'. सांगताना मान उडाली आणि मी ती उडू दिली. बाई एकदाही रागावल्या नाहीत. माझ्या जुन्या 'नाही'वर त्यांनी कागदात रेघ मारली आणि तिथं काहीतरी लिहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "तुमची चूक नाही, साहेब. पुष्कळदा हे घरातूनच येतं, जसं नाक-डोळे येतात. यांची पण चूक नाही. पण मला आधी कळलं असतं तर तुम्हाला आधीच सांगून ठेवलं असतं, हे दिसलं तर घाबरू नका म्हणून."

ते शेवटचं वाक्य माझ्यासाठीच होतं, आणि त्यांचं बरोबर होतं.

मग त्यांनी काय करायचं ते सांगितलं. गोळी परत, कमी डोसनं, सावकाश वाढवायची. टिककडं रोज बघायचं नाही. महिन्याच्या शेवटी विचार करायचा की वाढलं का कमी झालं. "खांदा उडला की टोकायचं नाही. थांबव म्हणायचं नाही. थांबव म्हटलं की वाढतं. दुखतंय का, लिहिता येत नाही का, मुलं छळतात का, ते विचारा. तसं असेल तर दुसरं औषध आहे. पण आपल्याला बघवत नाही म्हणून लेकराला औषध द्यायचं नाही, अम्मा." हे त्यांनी सासूबाईंकडं बघून म्हटलं, पण मी मान खाली घातली.

एक युक्तीही त्यांनी मुलीला शिकवली. खांदा उडणार असं आतून वाटलं की कोपर अंगाशी लावायचं आणि श्वास हळूहळू सोडायचा, ती लहर जाईपर्यंत. जमलं तर जमलं, नाही तर नाही.

घरी आल्यावर सासूबाईंनी चहा ठेवला. मला कप देताना म्हणाल्या, "लग्नात सांगितलं असतं तर मी न्हाईच म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?" आणि थोड्या वेळानं, "मंग ही पोरगी बी नसती." त्यापुढं त्यांनी तो विषय कधी काढला नाही, आणि गोळ्यांना पुन्हा नावं ठेवली नाहीत.

नवऱ्याचं तसं नव्हतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चार महिने मी मला शिव्या देऊन राहिलो होतो. आणि तू शेजारी बसून भाजी निवडत होतीस." पंधरा दिवस तो कामापुरतंच बोलला. मी माफी मागितली, तेव्हा त्यानं 'ठीक आहे' म्हटलं, पण ते ठीक नव्हतं हे दोघांना कळत होतं. शाळेत जाऊन बाईंशी तोच बोलला. तिला टोकू नका, मुलांनाही सांगून ठेवा, चाचणीला दहा मिनिटं जास्त द्या. सकाळची गोळीही तोच द्यायला लागला, माझ्यावर सोपवली नाही.

मग एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते. मान उडाली. तो दारात पेपर वाचत होता. पेपर खाली ठेवून म्हणाला, "दुखतं का गं?"

आजपर्यंत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "परीक्षेच्या दिवसांत दुखायचं. आता नाही." त्यानं मान हलवली आणि उठून बादलीतला उरलेला चादरींचा पिळा झटकून मला दिला.

प्लास्टर निघाल्यावर मुलीनं मलाही ती श्वासाची युक्ती शिकवली. आपण सांगतोय आणि मम्मी ऐकतेय याचं तिला फार अप्रूप. "मम्मी, हनुवटी खाली. आता हळू. घाई करू नको." आता ती दहावीत आहे. शाळेच्या दिवसांत गोळी असते. टिक परीक्षेच्या आधी येतात, नंतर महिना-दोन महिने दिसतही नाहीत. कधी नाक असतं, कधी बोटं. दुसरं औषध एकदाच, सातवीत, मान फार दुखायला लागली तेव्हा काही महिने घ्यावं लागलं. नवीन वर्गात ती पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "माझा खांदा उडतो, लक्ष देऊ नका." मुलं दोन दिवस बघतात आणि विसरतात. इतकं सोपं असू शकतं हे मला पटायला वेळ लागला.

*

एक गोष्ट मात्र मी घरी अजून कोणाला सांगितलेली नाही. मुलीची गोळी सुरू व्हायच्या आदल्या वर्षीची.

आमच्या क्लासला तेव्हा दुरून दुरून मुलं येत होती. डॉक्टर व्हायचं, एवढं एकच सगळ्यांच्या डोक्यात. एका हॉलमध्ये दोनशे मुलं, दर रविवारी चाचणी. रेणापूरकडची एक मुलगी होती, अकरावीची, हॉस्टेलवर राहणारी, पेशी आणि ऊती तोंडपाठ असलेली. ती नाकानं जोरात सूं सूं करायची आणि मधेच घशातून आवाज काढायची. सर्दी नव्हती. पहिल्या तासालाच मला कळलं होतं काय आहे ते. सगळ्या हॉलमध्ये ते कळू शकणारी मी एकटीच असेन.

चाचणीत मुलांचं लक्ष जातं म्हणून दोन पालकांनी तक्रार केली. संचालकांनी मला सांगितलं, "मॅडम, तुम्ही बाई आहात, तुम्हीच बोला तिच्याशी." मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू चाचणी ऑफिसमध्ये बसून देत जा. तिथं शांत असतं." ती म्हणाली, "मॅडम, मी प्रयत्न करते. खरंच करते." मी म्हटलं, "माहीत आहे." इतकंच म्हटलं. मला काय माहीत आहे आणि कसं, ते सांगितलं असतं तर कदाचित ती राहिली असती. किंवा नसती राहिली. पण तिला कळलं असतं की समोर उभी असलेली बाई दोनशे मुलांपुढं रोज तेच करते आणि तरी पगार घेते.

सहामाहीनंतर ती क्लास सोडून गेली. तिचे वडील गादी-उशी न्यायला आले होते. डोक्याला रुमाल, पायात धुळीनं भरलेल्या चपला. गादी मोटारसायकलवर बांधून ते मला शोधत स्टाफरूमच्या दारात आले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, पोरगी तुमचं लई नाव घेती. तुम्ही तिला येगळं बसू दिलं, सांभाळून घेतलं. आम्ही लई आभारी हावत."

ती त्यांच्या मागं उभी होती. खाली बघत होती. तिनं घरी खरं काय ते सांगितलंच नव्हतं. मला वाचवलं होतं की स्वतःला, कोण जाणे.

मी म्हटलं, "अभ्यास सोडू देऊ नका." ते "न्हाई, न्हाई" म्हणत निघाले. मोटारसायकल सुरू झाली. माझ्या पुढच्या तासाची बेल झाली आणि मी खडूचा डबा घेऊन वर गेले.